पेल्विक हेल्थमध्ये संशोधन करायचंय? मग या चुका टाळा

गणपती झाले की फोन सुरू होतात. "मॅडम, मला पेल्विक हेल्थमध्ये रिसर्च करायचाय. कुठला कोर्स करू?" पेल्विक हेल्थ म्हणजे लघवी सुटणं, अंग बाहेर येणं असल्या ओटीपोटाच्या तळाच्या तक्रारी. मी विचारते, आत्तापर्यंत पेशंट किती तपासलेस? उत्तर येतं ते कोर्सच्या फीचं.

दोन दिवसांच्या कोर्सने कागद मिळतो, तपासणारं बोट मिळत नाही. 1991 मध्ये अमेरिकेत बंप नावाच्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी 47 बायकांना थोडक्यात तोंडी सांगून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकसायला लावले. जेमतेम निम्म्यांना ते नीट जमलं. पाव बायका जे करत होत्या, त्याने लघवी सुटायचा त्रास उलट वाढला असता. आपल्याकडे तर "दाबा" म्हटलं की बाई कुंथतेच. ते स्नायू आत-वर ओढायचे असतात, हे बोटाने तपासल्याशिवाय तिलाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही. तरी दर वर्षी एखादा प्रबंध येतो, ज्यात व्यायामाचा तक्ता वाटला आणि बारा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. त्यात काय तपासलं गेलं? कदाचित कुंथणं.

आता माझी लाडकी चूक. ती मी स्वतः केलीय, म्हणून जास्त बोचते.

एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणाला असताना मालवण तालुक्यातल्या गावांत सर्व्हे घेतला होता. प्रश्नावलीचं मराठी मीच केलं, एका रात्रीत. "आपणांस अनैच्छिक मूत्रविसर्जनाचा त्रास होतो काय?" अंगणवाडीच्या ओटीवर बसून आशाताईंनी जमवलेल्या बायकांना मी हे वाचून दाखवत होते. दोन दिवस प्रत्येकीने "नाय" सांगितलं. मी मनात निष्कर्षही लिहून टाकला, की कष्टाच्या कामामुळे कोकणातल्या बायकांचे स्नायू मजबूत असतात!

तिसऱ्या दिवशी एक मावशी आल्या. मासे विकणाऱ्या, खोकल्याने बेजार. "नाय" म्हणाल्या आणि खोकल्याची उबळ आली. खोकायच्या आधी त्यांनी पायाला पाय घट्ट आवळला, एका हाताने कंबरेचा काष्टा धरला. दुसऱ्या उबळीला तेच. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशी, खोकताना लुगडं ओलं होतं का?" त्या हसल्याच. "होता गो बाय. ता सगळ्यांचाच होता, त्येत काय सांगूचा?"

दोन दिवसांचे सगळे फॉर्म बाद केले. गाईड रागावले, ते बरोबरच होतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते, पद्धत म्हणा हवं तर. पहिला आठवडा कागद काढायचाच नाही. ओपीडीत, पडवीत, बाजारात बसायचं आणि बायका कुठले शब्द वापरतात ते वहीत लिहायचं. "धरवत नाही", "सुटते", "अंग खाली येतं". गर्भाशय खाली सरकतं त्याला, म्हणजे प्रोलॅप्सला, आपल्याकडे "अंग बाहेर येणं" म्हणतात, हे माहीत नसलेली पोस्टग्रॅज्युएट मुलं मी पाहिलीत. पण याचा अर्थ छापील प्रश्नावलीतले शब्द वाटेल तसे बदलायचे असाही नाही. आयसीआयक्यू या लघवी सुटण्याबद्दलच्या प्रमाणित प्रश्नावलीचा छोटा फॉर्म घ्या: चार प्रश्न, गुण 0 ते 21. वापरायच्या आधी हक्क असणाऱ्यांची परवानगी, मराठी आवृत्ती आहे का याची चौकशी, आणि नसेल तर दोघांनी वेगवेगळं केलेलं भाषांतर, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत), मग पाच-दहा बायकांना वाचून दाखवून "यातून काय कळलं?" हा प्रश्न. वेळ लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी गुडघ्यावर प्रबंध करावा, तिथे प्रश्नावल्या तयार मिळतात.

एथिक्स कमिटीचं पत्र यायच्या आत "फक्त दहा पेशंट" घेऊन ठेवणारे दर वर्षी भेटतात. ते दहा गेलेच समजा. व्यायामाची चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंद होत नाही, आणि नोंदणी नाही म्हटल्यावर बरी जर्नल्स दारातही उभं करत नाहीत. संमती बाईची स्वतःची हवी. नवरा "घ्या हो तपासून" म्हणाला ही संमती नव्हे. तिला वाचता येत नसेल तर अंगठा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असलेला, वाचता येणारा तटस्थ साक्षीदार. तुमची मैत्रीण तटस्थ नसते.

कॅलेंडर बघा. व्यायामाचा परिणाम दिसायला निदान तीन महिने लागतात. मे महिन्यात सुरू केलंत तर मधे लावणी, पुढे गणपती. चिखलात वाकलेली बाई फॉलोअपला येणार नाही, आणि तुम्ही "ड्रॉपआउट" लिहाल. मी दिवाळीनंतर सुरू करते.

बाकीच्या थोडक्यात. नमुना किती हे गाईडच्या अंदाजाने ठरवू नका, स्टॅटिस्टिशियनकडे सुरुवातीला जा, शेवटी नाही. नुसत्या ऑक्सफर्ड ग्रेडवर (बोटाने तपासून स्नायूंच्या ताकदीला दिलेल्या श्रेणीवर) निकाल उभा करू नका; ती ग्रेड देणाऱ्याला कुठला पेशंट कुठल्या गटातला हे माहीत नसावं. पुरुषांनाही पेल्विस असतो, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी सुटते, तिकडे कोणी फिरकत नाही. पैसे भरून आठवड्यात छापणारं जर्नल सीव्हीत दिसतं खरं, पण मुलाखत घेणाऱ्यालाही ते ओळखू येतं.

आणि थेट पीएचडीवर उडी मारू नका. आधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत आठवड्यातून दोन दिवस उभे राहा, कोणाच्या तरी चालू अभ्यासात डेटा भरायचं कंटाळवाणं काम घ्या. रकाने रिकामे का राहतात ते तिथे कळतं. वर्षभर हे केलंत की शंभरेक तपासण्या आणि स्वतःचा एक प्रश्न घेऊन फोन करा. संध्याकाळी सातनंतर, तोपर्यंत ओपीडी असते.