ऊसतोडीच्या फडात बाईचा फोटो काढताना या चुका टाळा

कारखान्यांचे बॉयलर पेटले की वाळवा, कराडच्या फडांतून कॅमेरे फिरू लागतात. नायगावच्या सावित्रीबाईंची जयंती ३ जानेवारीला आणि महिला दिन ८ मार्चला, दोन्ही ऐन हंगामात. कष्टकरी स्त्रीच्या गौरवाचे मथळे तयार असतात, त्याखाली लावायला फोटो हवा असतो. त्या फोटोत बाई असते, तिचं काम बहुतेक वेळा नसतं.

परवानगी विचारली मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला. टोळीनं त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. त्याच्या देखत बाई नाही कशी म्हणेल? तो लांब असताना, ती पाणी प्यायला थांबल्यावर तिलाच विचारा. फोटो कुठे लागणार तेही सांगा. हसून तोंड फिरवलं तर तो नकार समजायचा. "बाया लाजतात हो" म्हणत बटण दाबू नका.

"शर्ट काढा, पदर घ्या." उसाचं पातं कापतं, म्हणून साडीवर पुरुषी फुल शर्ट आणि डोक्याला घट्ट फडकं असतं. फोटोवाला नेमकं तेच उतरवायला लावतो आणि कोयता उगारून हसायला सांगतो. ऊस उगारून तुटत नाही, घाव बुडात जमिनीलगत बसतो. फडातलं शेंबडं पोरही असा फोटो बघून हसेल.

कॅमेरा चुकीच्या उंचीवर. बांधावर उभं राहून काढलं की नुसती पाठ आणि फडकं येतं. वाकलेल्या बाईचा मागून तर फोटो काढूच नका. तसे फोटो कुठल्या ग्रुपवर फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. समोरून जरा बाजूला सरका, गुडघ्यावर बसा आणि लेन्स तिच्या खांद्याच्या पातळीला आणा. ८-१० फूट अंतर ठेवा, कारण कोयता फिरत असतो. फोनची मुख्य लेन्स साधारण २४-२६ मिमीची, म्हणजे रुंद असते. तिनं जवळून काढलं की नाक आणि पुढे आलेला हात फुगतो. त्याऐवजी २एक्स झूम वापरा किंवा कॅमेऱ्यावर ५० मिमी लावा. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर घाव गोठतो, १/१२५ ला हाताची गती थोडी दिसते.

चेहरा काळा, नाहीतर राखेसारखा. खरा फोटो ट्रॉलीपाशी मिळतो. डोक्यावर मोळी घेऊन ती अरुंद फळीवरून वर चढते, मान ताठ, नजर पावलापुढच्या फळीवर. पण मागे उघडं आभाळ असतं, कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि चेहरा अंधारात जातो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +०.७ ते +१ करा. आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या. जवळून काढताना याच्या उलट होतं. सावळा चेहरा चौकटभर आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे. तो चेहरा उजळवतो आणि कातडी राखेच्या रंगाची दिसते. तिथे -०.३ ते -०.७ करा. ब्यूटी मोड आधीच बंद हवा. घाम आणि सुरकुत्या पुसून बाई गोरी करायला कुणी सांगितलंय?

फोटोखालच्या ओळीत "मजूर व त्याची पत्नी". फडात नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या हिशोबातसुद्धा तिचा वाटा निम्मा धरलेला असतो, मग फोटोओळीत ती मागे का? तिची हरकत नसेल तर नाव, गाव आणि ती करत असलेलं काम लिहा. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगनं १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली स्थलांतरित आई जगभर छापली गेली, पण लँगनं तिचं नावच विचारलं नव्हतं. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळायला १९७८ उजाडलं.

प्रिंट "नंतर देतो". फोटो हंगामातच छापून तिच्या हातात द्या. फड मोकळे झाले की टोळी गावाकडे निघते आणि तुमच्याकडे उरतो फक्त मुकादमाचा नंबर.