एकोणिसाव्या शतकातल्या पाळकाच्या घराण्याचा शोध कसा घ्यावा

बाबा पदमनजींना आपण सगळे याच नावाने ओळखतो. 1831 साली बेळगावात जन्मलेले, 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिणारे ख्रिस्ती पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पण पदमनजी हे त्यांचे आडनाव नव्हे, ते वडिलांचे नाव. घराण्याचे आडनाव मुळे. उद्या कोणी 'पदमनजी' आडनावाची माणसे शोधत निघाला, तर एका पिढीच्या वर त्याला काही मिळणार नाही.

माझ्या पणजीचे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. त्यांचा माग काढताना माझी पहिली दोन वर्षे अशीच चुकीच्या आडनावामागे गेली. म्हणून आधी हेच सांगते: हाती आलेले नाव लगेच खरे धरू नका. त्या काळी स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढेच लिहायची पद्धत सर्रास होती. गावावरून पडलेले '-कर' आडनाव पुढच्या पिढीत चिकटायचे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी कधीकधी बायबलमधले नवे नावही मिळायचे.

घरापासून सुरुवात

कुटुंबाच्या जुन्या बायबलची पहिली आणि शेवटची कोरी पाने बघा. जन्म, लग्न, मरण तिथे लिहून ठेवायची चाल होती. उपासनेची गाण्यांची पुस्तके, फोटोंच्या मागची बाजू, शाळेचे दाखले, सगळे एकदा जमिनीवर पसरून पाहा आणि मूळ जागेवरच फोटो काढा.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांकडे बसा. 'पणजोबा कोण होते?' असे विचारले की 'मोठे देवमाणूस होते' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: मंडळी, म्हणजे त्यांचे चर्च, कोणती होती? सुट्टीत कुठल्या गावाला जायचात? कबर कुठे आहे? आणि लग्नकार्याला कोण येत नसे? हा शेवटचा प्रश्न जपून विचारा, पण विचारा. धर्मांतराच्या वेळी तुटलेल्या भाऊबंदांची नावे मला याच प्रश्नातून मिळाली.

मिशन कोणते, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

सगळे कागद मिशनच्या मागे गेलेले आहेत. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. नगर, शिरूर, वडाळा या पट्ट्यातले पाळक बहुधा त्यांचे. या मिशनचा पत्रव्यवहार आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. मुंबई-पुण्याच्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी होती, तिचे दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. बेळगावला लंडन मिशन होते, त्याचे कागद लंडनच्या 'सोआस' या विद्यापीठीय संस्थेत. कोल्हापूरला 1852 पासून अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांचे काम होते.

माणूस मात्र एकाच जागी राहत नसे. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 मध्ये बेळगावात झाला आणि पाळकपण पुण्याच्या फ्री चर्चमध्ये. एका मिशनमध्ये नाव नाही म्हणून थांबू नका.

आणखी एक अडचण आजच्या नावांची. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि निरनिराळ्या मिशनच्या मंडळ्या त्यात मिळाल्या. त्यामुळे जुन्या पाटीवरचे नाव आणि आजचे नाव जुळेलच असे नाही. जुने रजिस्टर कुठे गेले हे मंडळीच्या सेक्रेटरींना किंवा जुन्या वडीलजनांना विचारावे लागते. जाण्याआधी पत्र लिहा, आणि रविवारी उपासनेच्या वेळी कपाट उघडायला सांगू नका.

रजिस्टर वाचताना

मला जे बाप्तिस्म्याचे रजिस्टर बघायला मिळाले, त्याच्या कडा भाजलेल्या भाकरीसारख्या तपकिरी झाल्या होत्या. पान उलटताना खाली पोस्टकार्ड सरकवावे लागे. एका ओळीत नाव, वय, बापाचे नाव, गाव, पूर्वीची जात आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. मी आमची ओळ उतरवून घेतली आणि खूश होऊन घरी आले. चार महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा कळले, तीन ओळी खाली त्याच गावची एक बाई आणि दोन मुले होती. ती माझ्या पणजीच्या वडिलांची बहीण निघाली. तेव्हापासून मी आपल्या ओळीच्या आधीची आणि नंतरची निदान दहा पाने वाचल्याशिवाय रजिस्टर बंद करत नाही.

पाळकांच्या मुलांचे बाप्तिस्मेही शोधा, आईचे नाव बहुधा तिथेच सापडते. लग्नांसाठी 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा लक्षात ठेवा. त्यानंतरच्या नोंदी जास्त नेटक्या आहेत.

छापील मजकूर

'ज्ञानोदय' हे मिशनचे मराठी नियतकालिक 1842 मध्ये नगरला सुरू झाले. नेमणुका, लग्ने, मरणवृत्ते यांसाठी जुने अंक चाळा. मिशनचे इंग्रजी वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण स्पेलिंगने दमछाक होते. अहमदनगरचे 'अहमदनग्गर', शिरूरचे 'सीरूर', पदमनजींचे 'पुडमुनजी'. प्रत्येक नावाची पाच-सहा रूपे कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून शोधा.

बाप्तिस्म्याच्या पलीकडे

इथे बरेच जण थांबतात, आणि मला त्याचे वाईट वाटते. पाळकाच्या घराण्याचा इतिहास बाप्तिस्म्याच्या दिवशी सुरू झालेला नसतो.

ब्राह्मण किंवा तशा घराण्यातून आलेल्यांसाठी छापील कुलवृत्तान्त आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. वंशवेलात एखादी फांदी मध्येच तुटलेली दिसली तर तिथे नीट लक्ष द्या. महार, मांग समाजातून आलेल्या पाळकांसाठी वतनाचे कागद मोलाचे आहेत, कारण त्यांत तक्षीमदारांची, म्हणजे वतनातल्या वाटेकऱ्यांची, नावे पिढ्यांनुसार मिळतात. तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींचे कोतवाल बुक, मागा. जुने कागद मोडीत असतील. मोडीचा वर्ग लावा किंवा जाणकाराकडून वाचून घ्या. शके असेल तर 78 मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना 79.

कोर्टाचे कागदही विसरू नका. रेव्हरंड नारायण शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतचे, प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला गेला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. धर्मांतर झाले तरी वारसा जाऊ नये हा कायदा 1850 चा, आणि सोडून गेलेल्या नवऱ्या-बायकोपासून मोकळे होण्याचा 1866 चा. अशा दाव्यांत सासऱ्याचे नाव, गाव, लग्नाचे साल, सगळे येते.

मुलींचा माग वेगळा काढा, कारण त्या कुठल्या कुठे जात. झाशीजवळ जन्मलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांचा बाप्तिस्मा 1848 मध्ये जौनपूरला झाला. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी इंग्रज कुटुंबात वाढली आणि इंग्रजीत कविता लिहू लागली. फक्त गोऱ्यांच्या कुलवृत्तान्तात बघणाऱ्याला ती कशी सापडणार?

दफनभूमी

पावसाळा संपल्यावर गवत कापून झाले की जा. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना, झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडावर तारेचा ब्रश, चुना किंवा खडू वापरू नका. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. कबरीची मागची बाजू बघा, आणि शेजारच्या चार कबरीही. आमच्या पाळकांच्या डाव्या हाताला एक लहानसा दगड आहे. त्यावर नाव नाही, फक्त 'धाकटी' एवढेच कोरलेले आहे, आणि त्या वर्षाचे रजिस्टर मी अजून शोधते आहे.