मोनास्कासाठी कीस्टोनची मांडणी आपोआप कशी करावी

एक युनिट बेळगावच्या उद्यमबागेत आणि दुसरे हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यातील शिनोळीत, असा एखादा कारखाना ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचे क्लाउड चालवत असेल, तर मोनास्काकडे, म्हणजे त्यातील देखरेख सेवेकडे, मोजमापे कोणी पाठवायची आणि ती कोणी पाहायची, हे आधी कीस्टोनमध्ये, म्हणजे ओपनस्टॅकच्या ओळख व परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेत, नोंदवावे लागते. ही नोंदणी एकेक कमांड टाइप करून करू नये, कारण हाताने केलेले काम दोन्हीकडे तंतोतंत जुळेल याची खात्री देता येत नाही. त्यासाठी अँसिबल या स्वयंचलन साधनाचे प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची (टास्कची) क्रमवार फाइल, लिहावे.

आधी प्रोजेक्ट व रोल (म्हणजे परवानग्यांचा संच), मग युजर, त्यानंतर युजरला रोल देणे आणि शेवटी सर्व्हिस व एंडपॉइंट (म्हणजे त्या सेवेचा पत्ता), असा क्रम ठेवावा. प्रत्येक टास्कमध्ये 'स्टेट: प्रेझेंट' लिहिल्यास जे आधीच आहे ते तसेच राहते आणि नसेल तेवढेच तयार होते.

सर्वाधिक काळजी रोलबाबत घ्यावी. प्रत्येक सर्व्हरवर चालणाऱ्या एजंटला, म्हणजे मोजमापे गोळा करून पाठवणाऱ्या प्रोग्रामला, केवळ 'मोनास्का-एजंट' हा रोल द्यावा, कारण त्याला मोजमापे पाठवण्यापलीकडे काहीही करायचे नसते. आलेख पाहणाऱ्या आणि इशारे ठरवणाऱ्या माणसांसाठी 'मोनास्का-युजर' आहे. सोय म्हणून एजंटला ॲडमिन रोल देणे मला धोक्याचे वाटते, कारण एजंटचा पासवर्ड त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो आणि एक सर्व्हर परक्या हाती गेला की सगळे क्लाउड त्याच्या हाती जाते.

पासवर्ड अँसिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे कूटबद्ध फाइलमध्ये, ठेवावेत आणि संबंधित टास्कला 'नो लॉग' लावावा, म्हणजे ते पडद्यावर उमटत नाहीत. 'अपडेट पासवर्ड'ची किंमत 'ऑन क्रिएट' ठेवावी; 'ऑलवेज' ठेवल्यास प्रत्येक वेळी पासवर्ड नव्याने लिहिला जातो.

सर्व्हिसचा प्रकार 'मॉनिटरिंग' असा नोंदवावा. एंडपॉइंटमध्ये मोनास्का एपीआयचा (म्हणजे इतर प्रोग्राम ज्यातून मोनास्काशी बोलतात त्या भागाचा) पोर्ट, जो सहसा 8070 असतो, आणि इतर सर्व्हरना पोहोचता येईल असा पत्ता द्यावा. तिथे 'लोकलहोस्ट' राहिला, तर प्रत्येक एजंट स्वतःच्याच यंत्रावर एपीआय शोधत बसतो. बेळगाव आणि शिनोळी असे दोन रीजन, म्हणजे क्लाउडचे दोन विभाग, केल्यास त्यांची नावे व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहावीत, कारण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी क्लायंटला एंडपॉइंट सापडत नाही.

कीस्टोन एकाहून अधिक सर्व्हरवर चालत असेल, तर त्या सर्वांवर फर्नेट किल्ल्या, म्हणजे टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता परवाना) तयार करण्याच्या व तपासण्याच्या गुप्त किल्ल्या, सारख्याच हव्यात आणि घड्याळे जुळलेली हवीत. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. सर्व्हर पुन्हा सुरू होताना घड्याळ चुकले, तर मूळतः 3600 सेकंद चालणारे टोकन एका सर्व्हरवर वैध आणि दुसऱ्यावर मुदतबाह्य ठरू शकते. म्हणून घड्याळे जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम बसवण्याचा टास्क याच प्लेबुकमध्ये सर्वांत आधी घालावा.

प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवावे. दुसऱ्या वेळी 'चेंज्ड' शून्य दिसायला हवे. त्यानंतर एजंटच्या नावाने टोकन घेऊन एक मोजमाप पाठवावे आणि त्याच टोकनने मोजमापांची यादी मागून पाहावी: पाठवणे स्वीकारले गेले आणि यादी नाकारली गेली, तरच रोल बरोबर बसले आहेत असे समजावे.