फाइन, पेनल्टी, सेंटेन्स: इंग्रजीत दंड आणि शिक्षेबद्दल लिहिताना या चुका टाळा

मराठीत आपलं सोपं असतं, दंड केला, दंड झाला, दंड भरला, शिक्षा झाली, विषय संपला. तेच डोक्यात ठेवून इंग्रजी मेल टाइप केला की मग "आय वॉज फाइन्ड विथ फाइव्ह हंड्रेड रुपीज" नाहीतर "आय गेव्ह फाइन टू पोलीस" असलं काहीतरी बाहेर पडतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रियापदानंतर माणूस येणार की दंड येणार यात. पनिश, फाइन, पेनलाइज, सेंटेन्स यांना माणूस लागतो, इम्पोज आणि लेव्ही यांना दंड लागतो, बस एवढं पक्कं केलं तरी अर्ध्या चुका जातात. म्हणजे "दे इम्पोज्ड हिम अ फाइन" चूक, "दे इम्पोज्ड अ फाइन ऑन हिम" बरोबर. आणि फाइन क्रियापद असेल तर रक्कम सरळ पुढे टाकायची, मध्ये विथ नको, ऑफ नको: "ही वॉज फाइन्ड वन थाउजंड रुपीज फॉर नॉट वेअरिंग अ सीट बेल्ट". (हा दंड 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीपासून 1000 आहे, त्याआधी 100 होता.) नाम असेल तेव्हा मात्र ऑफ येतो, "अ फाइन ऑफ वन थाउजंड रुपीज". आणि दंड गिव्ह करत नाहीत, पे करतात. "आय गॉट अ चलान" इथे बिनधास्त चालतं, अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये गेलात तर तिकीट म्हणा, नाहीतर समोरचा नुसता बघत बसेल.

आता फाइन की पेनल्टी? इन्कम टॅक्सचं उदाहरण घ्या, कारण इथे चुकीचा शब्द महागात पडू शकतो. रिटर्न उशिरा भरलं की 5000 रुपये, किंवा उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1000, ते आपण सगळेच पेनल्टी म्हणतो ना? 1961 च्या आयकर कायद्यात 234एफ कलमात त्याला चक्क फी म्हटलंय. पेनल्टी वेगळी, ती 270ए मध्ये, उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या टॅक्सच्या 50 टक्के आणि खोटी माहिती देऊन लपवलं तर 200 टक्के. मग एखाद्या फॉर्ममध्ये नुसतं "पेड इन्कम टॅक्स पेनल्टी" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार की यांनी उत्पन्न लपवलं होतं. लेट फी लिहा. फाइन हा शब्द साधारण कोर्ट, ट्रॅफिक, लायब्ररी अशा ठिकाणचा, पेनल्टी त्यापेक्षा बरीच मोठी पिशवी आहे, कराराचा भंग, लोन लवकर फेडणं, फुटबॉल, सगळं त्यात बसतं.

पेनलाइजमध्ये तर गुन्हा असायलाच हवा असं पण नाही, नुसतं नुकसान झालं तरी पुरे. मॅटर्निटी लीव्ह घेतली म्हणून प्रमोशन अडलं तर "शी वॉज पेनलाइज्ड फॉर टेकिंग लीव्ह". इथे पनिश टाकलं तर जरा जास्त होतं.

कोर्टाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी हे बघाच. "कन्व्हिक्टेड फॉर फाइव्ह इयर्स" असं नसतं. कन्व्हिक्ट म्हणजे दोषी ठरवणं, शिक्षा किती ते नंतर ठरतं आणि तो सेंटेन्स: "कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट अँड सेंटेन्स्ड टू टू इयर्स इन प्रिझन". अक्यूज्डला पण ऑफ, चार्ज्डला विथ. हे पाठच करायचं, लॉजिक शोधू नका. दोन शिक्षा कन्करंटली असतील तर एकत्र भोगायच्या, कन्सेक्युटिव्हली असतील तर एकीनंतर एक. यात गल्लत झाली तर बातमीतली वर्षंच चुकतात.

सँक्शन हा तर विचित्रच शब्द. लोन सँक्शन झालं म्हणजे पेढे, देशावर सँक्शन्स लागले म्हणजे निर्बंध. शिक्षेच्या अर्थाने लिहायचं तर "सँक्शन्स ऑन" असं अनेकवचनात लिहा, गैरसमज कमी होतात.

सस्पेन्ड पण तसाच. इंग्लंडमधला सस्पेन्डेड सेंटेन्स म्हणजे ठरावीक काळात परत गुन्हा केला नाही आणि अटी पाळल्या तर तुरुंगात जायची वेळ येत नाही. आपल्याकडे सेंटेन्स सस्पेन्ड झाला असं वाचाल तेव्हा बहुतेक वेळा अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवलेली असते, माणूस निर्दोष सुटला असं नाही. आणि सरकारी नोकरीतलं सस्पेन्शन ही शिक्षा धरतच नाहीत, केंद्राच्या 1965 च्या शिस्तविषयक नियमांत पेनल्टीची यादी आहे, ती सेन्शरपासून (म्हणजे नुसता ठपका) सुरू होते आणि डिसमिसलवर संपते, त्यात चौकशी चालू असतानाचं निलंबन नाही. म्हणून "पनिश्ड विथ सस्पेन्शन" नको, "प्लेस्ड अंडर सस्पेन्शन" लिहा. त्याच यादीत रिमूव्हल आणि डिसमिसल वेगवेगळे आहेत बरं का, रिमूव्हलनंतर पुन्हा सरकारी नोकरीचा रस्ता बंद होत नाही, डिसमिसलनंतर सहसा होतो. सर्रास दोन्हीला टर्मिनेटेड लिहून मोकळे होऊ नका.