जुना गिझर घेताना आधी हलवून बघा

वापरलेला गिझर निम्म्या किमतीत मिळतो, पण आपल्याकडं लातुरात बोअरचं पाणी जड. वरून चकाचक दिसणाऱ्या टाकीत आत क्षाराचा थर असतो, आणि तो दिसत नाही.

१. गिझर भिंतीवरून उतरवलेला असेल तर पाणी पूर्ण काढून दोन्ही हातांनी हलवा. आत खडखड वाजलं, पाइपातून पांढरे पापुद्रे पडले, की समजायचं. भाव निम्म्यावर आणा, नाहीतर सोडा.

२. खालचं झाकण काढायला लावा. कॉइलच्या प्लेटभोवती तांबूस ओघळ दिसला तर तिथून पाणी गळतंय. तिथं एम-सील लावलेलं असेल तर विषयच संपला. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलता येतात, टाकी नाही.

३. चालू असेल तर लावून बघा. १५ लिटर, २ किलोवॅटचा गिझर साधारण पाऊण तासाच्या आत, बहुतेक वेळा वीस मिनिटांतच, दिवा बंद करतो. व्होल्टेज कमी असेल तर जास्त वेळ घेतो. पण पाच मिनिटांतच दिवा विझला आणि बादलीत कोमटच पाणी आलं, तर थर्मोस्टॅट गेलेला किंवा टाकीत क्षारच भरलाय.

लातुरात मे-जूनला विद्यार्थ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा विचारून बघा. थंडीत भाव कोण सोडतो!

सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवाच बसवा. जुना टपकतो म्हणून बूच मारून दिला असेल तर तो गिझर लावूच नका, टाकी फुटू शकते. अर्थिंगही आधी तपासून घ्या.