विंचू चढवायचा कसा, उतरवायचा कसा

दर आषाढीच्या आधी कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, ‘विंचू चावला’ बसवायचंय, जरा सांगाल का?" २८ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली बरीच वर्षं संत एकनाथांचं हे भारूड स्वतः केलं, मुलांकडूनही बसवून घेतलं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी भारूड वहीत स्वतःच्या हातानं उतरवा आणि शेवटून वर वाचत जा. विंचू काम-क्रोधाचा आहे हे नाथांनी पहिल्याच कडव्यात सांगून टाकलंय, तिथे लपवाछपवी नाही. औषध मात्र त्यांनी मागे ठेवलंय: ‘सत्त्वगुण लावा अंगारा, विंचू इंगळी उतरे झरझरा.’ लोकांना चढलेलं विष दिसायला हवं, तसं उतरलेलंही दिसायला हवं. मी पहिल्यांदा केलं ते एका हरिनाम सप्ताहात. पहिल्याच ओळीला गडबडा लोळले. लोक पोट धरून हसले. उताऱ्याच्या कडव्याला येईपर्यंत आवाज बसला होता, अंगात नवीन काही करायला उरलं नव्हतं. बाया प्रसादाची तयारी करायला उठल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. नाथांचं म्हणणं पोचलंच नव्हतं.

तेव्हापासून मी विंचू पायाच्या अंगठ्यापासून चढवते. कोणता पाय ते आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. उजव्या पायाला चावलेला विंचू तिसऱ्या कडव्यात डाव्या पायाला गेला की पोरंसोरं लगेच ओळखतात. पहिल्या कडव्यात फक्त पाऊल उचला, हात जागच्या जागी राहू द्या. ‘पंचप्राण व्याकुळ झाला’ म्हणताना वेदना पोटात आणा: कंबर वाकते, श्वास अपुरा पडतो. ‘इंगळी’, म्हणजे मोठा जहाल विंचू, आली की मान आणि डोळे. एका कडव्याला शरीराचा एकच भाग. नऊवारी नेसा, पाय मोकळे राहतात. चाळ बांधणार असाल तर चावलेल्या पायात बांधू नका. त्या पायाचं थरथरणं गप्प हवं.

आता आवाज. ‘चावला’मधला च दातांवरचा आहे, ‘चमचा’मधला. जीभ दातांमागे टेकवून तो खटकन सोडा आणि ‘ला’ लांबवू नका. नांगी अशीच लागते, क्षणात. कण्हण्यासाठी घसा आवळायचा नाही, दोन दिवसांत आवाज जातो. आधी निम्मा श्वास सोडून द्या आणि उरलेल्या श्वासात ओळ म्हणा. आवाज आपोआप तुटका, खरा येतो. पट्टीही एका सुरानं खाली घ्या. नेहमी पेटीच्या काळी पाचमध्ये गाणाऱ्यांनी इथे काळी चार धरावी, कारण वाकून, बसून गायचंय. मागचे टाळकरी ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलतात तेवढ्यात पोटभर श्वास घ्यायचा, लोकांकडे पाठ न करता.

हे सोंगी भारूड आहे, म्हणजे सोंग आलं, तशी संपादणीही, म्हणजे मधलं बोलणंही, आली. दोन कडव्यांच्या मधे टाळकऱ्याला शेजारीण करा. "काय झालं गं?" "चावला." "कुठं?" "बांधावर. दिरानं नांगराचा एक तास जास्त ओढला, तेव्हा." एवढं बोलून गप्प राहा. बांधाचं भांडण ज्याच्या घरात आहे तो खाली बघतो. गावातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाकडे बोटही दाखवायचं नाही. दंश आपल्यालाच झालाय. वेदना आपल्या अंगावर घेतली तरच लोक ती आपली मानतात. हे मी फार कळकळीनं सांगते, कारण समाजप्रबोधन म्हणून समोरच्यांना झापणारी सोंगं मी खूप पाहिली.

एक गोष्ट कार्यक्रम संपल्यावर न चुकता बोलते. ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ नुसती उपमा नाही. लाल विंचू चावला की खरोखर दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. अंगारा रागाच्या विंचवाला. खऱ्या विंचवाला तडक दवाखाना. भारूड ऐकून कुणी लेकराला मांत्रिकाकडे नेलं तर सगळं वाया.

उताऱ्याला टाळ थांबवा, पखवाजही. फक्त एकतारी. खाली बसा, ओंजळीत अंगारा घेतल्यासारखा घ्या आणि विष ज्या वाटेनं चढलं त्याच वाटेनं उतरवा: मान, पोट, गुडघा, अंगठा. हात सावकाश फिरतो तसा श्वासही लांब होतो, आणि हळूहळू तुमची नेहमीची पट्टी परत येते. इथे घाई केलीत तर सगळी मेहनत फुकट. तालमीत मी मुलींना हे एकच कडवं दहा दहा वेळा करायला लावते, विंचू चावल्याचं फक्त दोनदा.

आणि शेवटचं कडवं. ‘किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दनें.’ उतारा पडला तरी नाथ म्हणतात, थोडी फुणफुण राहिलीच. म्हणून उठून उभ्या राहिलात की तो पाय लगेच पूर्ण टेकवू नका. ‘फुणफुण’चा फ नुसत्या फुंकरीएवढा काढा, टाच हवेत ठेवा. गुरूचं नाव आलं की टाच जमिनीला लावा आणि तिथेच थांबा. एकतारीही थांबू द्या.