डिझेल ट्रक वनस्पती तेलावर चालवताय? या चुका टाळा

डिझेल इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनलं होतं, असं कोणी म्हणालं की पुढची चूक मला आधीच दिसायला लागते. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. पण त्यानंतरच्या शतकभरात फ्युएल पंप आणि इंजेक्टर घडले ते पातळ डिझेलसाठी. ४० अंश तापमानाला डिझेलची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, खाद्यतेलाची ३० ते ४०. या एका फरकातून निम्म्या चुका जन्माला येतात.

इंजिन तापायच्या आधीच तेलावर टाकणं

सगळ्यात जास्त इंजिनं या चुकीने गेलेली मी पाहिली आहेत. दाट तेल नोझलमधून फवाऱ्यासारखं उडत नाही, धारेसारखं पडतं. ते पूर्ण जळत नाही. थोडं नोझलच्या तोंडाशी कोळसा होऊन बसतं, थोडं रिंगांच्या खाचांमध्ये चिकटतं आणि उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), इंजिन ऑइलमध्ये उतरतं. चेंबरमध्ये गेलेलं डिझेल बऱ्याच अंशी उडून तरी जातं. वनस्पती तेल उडत नाही. ते उष्णतेने आणि हवेने हळूहळू जोडलं जातं आणि घट्ट होत जातं.

ओळखीतल्या एका ट्रकमालकाने खर्चात कसूर केली नव्हती. डिझेलची आणि तेलाची अशा दोन टाक्या होत्या, रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर होता, फिल्टर वेगळा होता. पण फेऱ्या जवळच्या होत्या आणि त्याला धीर नव्हता. पाण्याचा काटा जरा हलला की तो तेलाचा व्हॉल्व्ह फिरवायचा. दरम्यान डिपस्टिकवरची पातळी चढत होती. इंजिन ऑइल खात नाही म्हणून तो उलट खूश होता. ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा त्याने मला बोलावलं. मी डिपस्टिक काढली तर टोकाला लांब तार धरत होती आणि तळणीचा वास येत होता. खालचा ड्रेन बोल्ट पूर्ण काढला, तरी एक थेंब पडला नाही. भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला तेव्हा काळा, लगदट गोळा बाहेर आला. चेंबर उतरवलं तर ऑइल पंपाची जाळी त्याच लगद्याने बुजलेली आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओरखडे. इंजिन पूर्ण खोलावं लागलं.

त्यामुळे माझी पद्धत ठरलेली आहे. सुरुवात डिझेलवर. व्हॉल्व्ह फिरवायचा तो पाण्याचा काटा बघून नाही, पंपाजवळच्या तेलाचं तापमान बघून. त्यासाठी तिथे वेगळा गेज बसवायचाच. तेल ७० अंशांच्या वर गेल्याशिवाय मी हात लावत नाही. गाडी बंद करण्याआधी काही मिनिटं परत डिझेलवर, म्हणजे पंप आणि नोझल धुऊन निघतात. हे विसरलात तर सकाळी थंड, दाट तेलाने भरलेल्या पंपावर सेल्फ मारत बसाल. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली तर त्या दिवशी गाडी काढू नका.

फेऱ्या छोट्या असतील तर नुसत्या तेलाचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोहोचलेले असता.

तेलात पेट्रोल मिसळून पातळ करणं

हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. तेल पातळ दिसतं, गाडी चालते, आणि माणसाला वाटतं हीटरचे पैसे वाचले. पण पेट्रोलमुळे इंधन आपोआप पेट घेण्याचा गुण कमी होतो, आणि टाकीतल्या वाफा सहज पेटण्याजोग्या होतात ते वेगळंच.

पाणी न काढणं

तळणीच्या तेलात पाणी असतंच. आणलं, फडक्यातून गाळलं, ओतलं, असं करणाऱ्यांना वाटतं की गाळलं म्हणजे साफ झालं. फडकं कण अडवतं, पाणी अडवत नाही. त्या पाण्याने पंपाचे प्लंजर (आतले दट्टे) गंजतात, आणि त्यांच्यातली फट इतकी बारीक असते की थोडा गंजही पुरतो.

तेल साधारण ६० अंशांपर्यंत कोमट करावं आणि उंच पिंपात आठवडाभर न हलवता ठेवावं. पाणी आणि गाळ खाली बसतो. तेल नेहमी वरून काढायचं. तळाचा भाग कितीही चांगला दिसला तरी पुढच्या खेपेच्या पिंपात. मग तपासणी: कोरडा तवा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर तापवून त्यावर थोडं तेल टाका. चडचड झाली, बुडबुडे फुटले, तर पाणी आहे. परत थांबा. पाणी घालवायला अख्खं पिंप खालून जोरात तापवू नका. तळाशी साठलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळतं तेल अंगावर येतं.

त्यानंतर जाड ते बारीक अशा क्रमाने ५ मायक्रॉनपर्यंत गाळा. ट्रकचा फिल्टर हा शेवटचा पहारा आहे, त्याच्यावर सगळं काम ढकलू नका.

बायोडिझेल अंदाजाने बनवणं

बायोडिझेल म्हणजे मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलापासून बनवलेलं पातळ इंधन. “मागच्या वेळी इतकं कॉस्टिक लागलं होतं, तेवढंच टाकलं.” मागच्या वेळचं तेल वेगळं होतं. जितकं जास्त तळलेलं, तितकी आम्लता जास्त आणि तितकं कॉस्टिक जास्त. कमी पडलं तर क्रिया अर्धवट राहते, जास्त झालं तर पिंपभर साबण. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वापरलेल्या तेलासाठी टायट्रेशन करा, म्हणजे आम्लता मोजा: १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, त्यात फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून दाखवणारं रसायन), आणि लिटरला १ ग्रॅम कॉस्टिकचं द्रावण थेंबाथेंबाने. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिली लागतील, तितके ग्रॅम ३.५ मध्ये मिळवायचे. एवढ्याचाही ज्याला कंटाळा आहे त्याने मिथेनॉलच्या जवळ जाऊ नये.

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून तेल ५५ च्या आसपासच ठेवा. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, वाफ विषारी आहे, आणि साधा मास्क ती अडवत नाही. काम उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून करा.

तयार झाल्यावर ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवून ठेवा. तळाशी थेंब बसले तर तेवढं तेल कच्चं राहिलंय.

बाकीच्या, थोडक्यात

बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं. सुरुवातीला फिल्टर चोक होणारच, एक-दोन जास्तीचे गाडीत ठेवा. गाडी उचल घेईना म्हणून आधी पंप खोलत बसू नका.

जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात. व्हिटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) टाका.

तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा पाइप वापरू नका, तेल लवकर खराब होतं.

पाम तेल थंडीत गोठतं, त्याचं बायोडिझेलही. हिवाळ्यात बायोडिझेलमध्ये डिझेलचं प्रमाण वाढवा.

अळशीच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नव्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन मिळतं ते) नुसतं तेल अजिबात नको. त्या पंपाचा दाब आणि इंजेक्टरची भोकं दोन्ही त्यासाठी नाहीत. धुराचा फिल्टर असलेल्या गाडीत तो फिल्टर जाळून साफ करताना सिलिंडरमध्ये जास्तीचं इंधन सोडलं जात असेल, तर बायोडिझेलचा काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो. अशा गाडीत कंपनीने परवानगी दिलेल्या मिश्रणाच्या पुढे जाऊ नका, आणि डिपस्टिक रोज बघा.